फेझमध्ये आई-बाबांना घेऊन: आधी बाहेर पडायचा रस्ता ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं एक जोडपं ऑक्टोबरमध्ये मोरोक्कोला निघालंय, सोबत आई-बाबा. गुरुवारी संध्याकाळी फेझला पोचायचं, तीन रात्री राहायचं आणि रविवारी रेल्वेने कासाब्लांकाला जायचं. आईंना अंडंसुद्धा चालत नाही. बाबांचा गुडघा दुखरा आहे, सपाटीवर चालतात, पायऱ्यांना कंटाळतात. विचारलंय ते असं: "जुन्या शहरात गाडी जात नाही म्हणे, मग फिरायचं कसं? गाईड लागतोच का? आईच्या जेवणाचं काय करू? आणि एक दिवस शेफशावेनचं निळं गाव उरकता येईल का?"

मी गेली १४ वर्षं मराठी माणसांचे छोटे गट घेऊन मोरोक्कोला जातो. त्यात साठीच्या पुढचे लोक जास्त असतात, त्यामुळे हा प्रश्न मला प्रत्येक हंगामात वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. चारही प्रश्नांची उत्तरं देतो, पण त्याआधी एक सांगतो. तुमची अडचण 'काय बघायचं' ही नाहीच. फेझमध्ये बघण्यासारखं इतकं आहे की डोळे मिटून चाललात तरी काहीतरी दिसेल. अडचण अशी की दुपारी दीड वाजता बाबा म्हणतील, "आता पुरे, रिक्षा कर", आणि तेव्हा तुम्ही अशा ठिकाणी असाल जिथे रिक्षा सोडा, सायकलही धड येत नाही. म्हणून प्रत्येक दिवस आखताना आधी ठरवायचं की बाहेर कुठून पडणार. आत कुठून शिरायचं ते त्यावरून आपोआप ठरतं.

तिथले लोक शहराला 'फास' म्हणतात. गल्ल्यांत पहिल्यांदा शिरलेल्या मराठी माणसाला हे नाव लगेच पटतं. 'फास अल-बाली' म्हणजे जुनं फेझ. इद्रीसी घराण्याने आठव्या-नवव्या शतकात नदीच्या दोन काठांवर वसवलेलं हे गाव १९८१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. गल्ल्या नऊ हजारांवर आहेत असं सांगतात. मी मोजायला गेलो नाही. पण या पसाऱ्यात एक गोष्ट पक्की आहे, ती म्हणजे उतार. गाव परातीसारखं आहे: कडेला उंच, मध्ये खोल, आणि तळाशी नदी. पश्चिमेच्या कडेला बाब बू जलूद हा निळा दरवाजा आहे. तिथून दोन मुख्य वाटा खाली उतरतात. एक 'तला कबीरा', दुसरी 'तला स्घीरा', म्हणजे थोरली चढण आणि धाकटी चढण. नावातच चढण आहे, हे विसरू नका. दोन्ही वाटा तळाकडे, करावीयीन मशिदीच्या परिसरात नेतात. तिथून पाच-सात मिनिटांवर रसीफ नावाचा चौक आहे आणि तिथे टॅक्सी येते.

हे कळलं की निम्मं कोडं सुटलं. सकाळी टॅक्सीने वरच्या दरवाज्याशी उतरायचं, रमतगमत खाली यायचं आणि रसीफला टॅक्सी पकडून परत जायचं. ती चढण पायी चढायचीच नाही. पहिल्यांदा येणारे बहुतेक लोक नेमकी हीच चूक करतात. मजेत खाली जातात आणि भर दुपारी, पोट भरलेलं, हातात पिशव्या, अशा अवस्थेत तीच वाट वर चढतात. बाबांचा गुडघा उतारालाही कुरकुरेल, ते खरं. पण उतार मंद आहे, पायऱ्या अधूनमधून लागतात आणि दर पन्नास पावलांवर थांबून बघण्यासारखं काहीतरी असतंच. एक काठी सोबत ठेवा. जोडा मात्र जाड रबरी तळाचा हवा. फरशी गाढवांच्या आणि खेचरांच्या खुरांनी गुळगुळीत झालेली असते आणि सकाळी दुकानदार तिच्यावर पाणी मारतात.

चार जण आणि लाल टॅक्सी

शहरातल्या छोट्या टॅक्सी लाल रंगाच्या असतात, त्यांना 'पती टॅक्सी' म्हणतात. तिच्यात प्रवासी बसतात तीन. चौथा नाही म्हणजे नाही, चालक हात जोडून सांगेल पण घेणार नाही. तुम्ही चौघं आहात. म्हणजे प्रत्येक वेळी दोन टॅक्सी. हे ऐकून घाबरू नका, शहरातल्या फेऱ्या मीटरने दहा-वीस दिरहॅममध्ये होतात (एक दिरहॅम साधारण नऊ-दहा रुपये धरा). रात्री आठनंतर भाडं दीडपट होतं, ते फसवणूक समजून भांडू नका. मीटर टाकत नसेल तर "कोंतूर, अफाक" म्हणा, म्हणजे मीटर टाका, कृपया. तरीही नाही टाकला तर सोडून द्या, मागून दुसरी येते. विमानतळ किंवा गावाबाहेर जायला पांढऱ्या मोठ्या टॅक्सी असतात. त्यात चौघं बसतात, पण भाडं आधी ठरवावं लागतं.

दोन टॅक्सी कराल तेव्हा एका टॅक्सीत आई-बाबा दोघंच, असं कधीच करू नका. एकेका टॅक्सीत एक तरुण आणि एक ज्येष्ठ. साधी गोष्ट आहे, पण यावरून माझ्या गटात एकदा रडारड झाली आहे.

राहायचं कुठे

जुन्या शहरात राहायचंच असेल (आणि राहावं, नाहीतर फेझला येऊन काय उपयोग) तर घर दरवाज्यापासून किती मिनिटांवर आहे हे एवढंच विचारा. टॅक्सी येते अशा बाथा चौक, ऐन अझलितन किंवा रसीफ यांपैकी एका ठिकाणापासून पाच मिनिटांच्या आत, सपाट वाटेवर. संकेतस्थळावर सगळेच 'मदिनेच्या मध्यभागी' असतात (मदिना म्हणजे हेच जुनं शहर), आणि मध्यभागी असणं हाच तुमच्यासाठी तोटा आहे.

इथे राहायला मिळतं ते रियाद, म्हणजे आपला वाडाच. बाहेरून कोरी भिंत आणि ठेंगणं दार, आत शिरलं की चौक, मध्ये कारंजं किंवा संत्र्याचं झाड, आणि चारी बाजूंनी खोल्या. देखणं प्रकरण आहे. पण वाड्यासारखाच जिनाही आहे: अरुंद, अंधारा, एकेक पायरी गुडघ्याएवढी उंच. खोली आरक्षित करतानाच लिहून कळवा की तळमजल्याची खोली हवी, आणि त्यांचं 'हो' लेखी घ्या. गच्चीवरची न्याहारी बाबांसाठी खाली चौकात मागवा, ते आनंदाने देतात. सामान हातगाडीवाला नेतो. त्या गाडीला 'कारोसा' म्हणतात. रियादवाल्यांना आधी वेळ कळवलीत तर त्यांचाच माणूस गाडी घेऊन दरवाज्याशी उभा असतो, आणि पहिल्या संध्याकाळी अंधारात नकाशा धरून फिरण्यापेक्षा त्याच्या मागे चालणं फार बरं.

गाईड: हो, पण एकाच दिवसासाठी

मी स्वतः १४ वर्षं जातोय, तरी जुन्या शहरात गटासोबत स्थानिक गाईड घेतोच. परवानाधारक गाईडकडे गळ्यात ओळखपत्र असतं. अर्ध्या दिवसाचे तीनशे ते चारशे दिरहॅम होतात. चौघांत वाटलं तर हा फार मोठा खर्च नाही.

ठरवताना एक वाक्य स्पष्ट बोला: "दुकानं नकोत. चामड्याचं एक, बाकी काही नाही." मी याच धंद्यात आहे, कमिशन कसं फिरतं ते मला पाठ आहे. गालिचा, तांबं-पितळ, जडीबुटी, शाली अशा प्रत्येक दुकानात चहा मिळतो, अर्धा तास जातो आणि बाबांना बसायलाही मिळतं. त्यामुळे सगळे खूश दिसतात. बाहेर पडेपर्यंत एक वाजलेला असतो आणि मदरसा बघायचा राहून गेलेला असतो. माझ्या दुसऱ्याच सहलीत, तेव्हा मी नवखा होतो, एका गाईडने आम्हाला साडेतीन तासांत पाच दुकानं दाखवली. गटातल्या एका काकूंनी गालिचा घेतला. तो पुण्याला पोचला, पण त्यांच्या दिवाणखान्यात मावला नाही. अजून गुंडाळून ठेवलाय.

गाईडशिवाय फिराल तेव्हा पोरं मागे लागतील. "तो रस्ता बंद आहे", "इकडे टॅनरी" (म्हणजे कातडी कमावायची जागा), "तुमच्या हॉटेलात मी काम करतो, ओळखलं नाही का?" यातलं एकही वाक्य खरं नसतं. रागवू नका, "ला, शुक्रन" म्हणा आणि चालत राहा. थांबून समजावत बसलात तर संपलंच. नकाशाचं ॲप बऱ्यापैकी चालतं, पण उंच भिंतींच्या गल्ल्यांत ठिपका उडी मारतो. म्हणून उताराचा नियम लक्षात ठेवा: हरवलात तर खाली उतरत राहा, रसीफच्या आसपास निघाल. शंभर टक्के खात्री नाही, पण बहुतेक वेळा जमतं.

हा नियम मी एकदा सकाळी सगळ्यांना सांगितला आणि दुपारी स्वतःच विसरलो. अत्तारीन बाजाराच्या गर्दीत एक निवृत्त काका मागे राहिले. आम्ही तासभर वरच्या गल्ल्या पालथ्या घातल्या, गाईड दुकानादुकानांत विचारत होता, त्यांच्या पत्नीचा चेहरा पांढरा पडलेला. काका रसीफच्या चौकात कॅफेच्या खुर्चीवर पुदिन्याचा दुसरा चहा पीत बसले होते. मला म्हणाले, "तुम्हीच सांगितलं होतं ना उतरत जा म्हणून?"

आता दिवस मांडू

तुम्ही तीन रात्री म्हणताय, पण गुरुवार संध्याकाळ ते रविवार सकाळ म्हणजे पूर्ण दिवस दोनच, आणि त्यातला एक शुक्रवार. दुपारच्या नमाजानंतर जुन्या शहरातली बहुतेक दुकानं बंद होतात, कारागीर घरी कुसकुस (गव्हाच्या रव्याच्या वाफवलेल्या कण्या) खायला जातात. फोटो काढायला रिकाम्या गल्ल्या छान वाटतात, पण पहिल्यांदा येणाऱ्याला शहराचा जीव दिसत नाही. म्हणून शुक्रवारी जुन्या शहराबाहेरचं बघा आणि शनिवारी आत शिरा.

शुक्रवारी सकाळी टॅक्सीने शाही राजवाड्याच्या पितळी दरवाज्यांपाशी. आत जाता येत नाही, बाहेरूनच बघायचं. तिथून चालत पाच मिनिटांवर मल्लाह, म्हणजे पंधराव्या शतकात वसलेली ज्यूंची वस्ती. घरांना रस्त्याच्या बाजूने लाकडी सज्जे आहेत, जे मुस्लिम वस्तीत दिसत नाहीत. तिथली घरं आतल्या चौकाकडे तोंड करून असतात. हा फरक बाबांना दाखवा, ते घरबांधणीत रस घेणारे असतील तर तासभर बोलत राहतील. सतराव्या शतकातलं इब्न दनान सिनेगॉग इथेच आहे. ते सकाळीच बघून घ्या, शनिवारी शब्बाथ असतो. मग जनान स्बील बागेत बाकावर बसायचं. ही बाग सपाट आहे, सावलीची आहे आणि फुकट आहे. संध्याकाळी टॅक्सीने बोर्ज नॉर्दच्या टेकडीवर जा. सोळाव्या शतकातला किल्ला आहे, आणि तिथून अख्खं जुनं शहर खाली परातीत ठेवल्यासारखं दिसतं. मावळतीची अजान एका मिनारावरून सुरू होते, मग दुसऱ्या, मग सगळीकडून एकदम. टॅक्सीवाल्याला थांबवून ठेवा, परतताना तिथे दुसरी मिळेलच असं नाही.

शनिवारी नऊ वाजता निळ्या दरवाज्याशी. हा दरवाजा दिसतो तितका जुना नाही, १९१३ चा आहे. बाहेरून निळा, आतून हिरवा. आत शिरलं की लगेच थोरल्या चढणीवर बू इनानिया मदरसा. चौदाव्या शतकाच्या मध्यात मरीनी सुलतान अबू इनान याने बांधलेला. इथे घाई करू नका, आई-बाबांना चौकाच्या कडेला बसवा आणि भिंत खालून वर वाचायला सांगा. खाली कमरेपर्यंत झलीज, म्हणजे रंगीत कौलाचे हाताने टवके काढून बसवलेले तुकडे. नखाएवढा एकेक तुकडा आधी कापलेला, मग उलटा मांडून जुळवलेला. त्यावर गिलाव्यात कोरलेली अक्षरं आणि वेली, इतक्या दाट की भिंत जाळीची वाटते. सगळ्यात वर ॲटलसच्या डोंगरातलं देवदाराचं लाकूड, काळपट, अजून किंचित वास असलेलं. माती, चुना, लाकूड. तिन्हींवर बोटभर जागाही कोरी नाही.

तिथून उतरत जाताना कानावर एक आरोळी येईल: "बालाक! बालाक!" आमच्या गटातल्या एक आजी दचकून लहान मूल कुठे आलं म्हणून बघायला लागल्या, आणि मागून गॅसच्या टाक्या लादलेलं खेचर त्यांच्या खांद्याला घासून गेलं. "सांभाळा, बाजूला व्हा" असा त्याचा अर्थ. ऐकल्याबरोबर भिंतीला चिकटायचं, मागे वळून बघायचंही नाही. या गावात ट्रक, टेम्पो, कुरिअर सगळं काही खेचरच आहे, आणि ते पर्यटकासाठी थांबत नाही.

शहर वसवणाऱ्या इद्रीसी घराण्यातल्या मौले इद्रीस यांच्या दर्ग्याकडे जाणाऱ्या गल्लीत छातीच्या उंचीवर एक लाकडी आडवं दांडकं दिसेल. पवित्र हद्द तिथून सुरू होते. ते पूर्वी जनावरांना आणि परधर्मीयांना अडवायला होतं. आता वाकून पलीकडे जाता येतं, पण दर्ग्याच्या आत नाही. करावीयीनचंही तसंच. इसवी सन ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या बाईंनी ती उभारली अशी परंपरा सांगते. पुढे तिथेच विद्यापीठ वाढलं. मोरोक्कोत बहुतेक मशिदींत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही, तुम्हाला दारातूनच आतला चौक दिसेल. एका सहलीत रत्नागिरीचं एक मुस्लिम जोडपं होतं, ते आत जाऊन दुपारची नमाज पढून आले आणि मग जेवणाच्या टेबलावर आम्हा सगळ्यांना खांबांचं वर्णन करून सांगत बसले. समोरचा अत्तारीन मदरसा मात्र सगळ्यांना खुला आहे. बू इनानियापेक्षा लहान, पण माझ्या मते जास्त नाजूक. गुडघ्याने साथ दिली तरच वरच्या मजल्यावर जा.

आणि मग सफ्फारीन चौक. माझा फेझमधला सगळ्यात आवडता कोपरा हाच. तो तुम्हाला आधी ऐकू येतो, मग दिसतो. झाडाखाली, दुकानांच्या उंबऱ्यावर तांबट बसलेले असतात, पायांत मोठी कढई अडकवून, ती फिरवत हातोडीने ठोकत. पुण्यातल्या कसबा पेठेतली तांबट आळी ज्यांनी पाहिली आहे त्यांनी डोळे मिटावेत, आवाज तोच आहे. मठारकामाची तीच लय, एकाची हातोडी दुसऱ्याच्या मधल्या जागेत पडणारी. आमच्या एका काकांचं बालपण त्याच आळीच्या शेजारी गेलेलं. ते एका म्हाताऱ्या तांबटाच्या शेजारी जाऊन उकिडवे बसले, मठारल्यावर पत्र्याला येणाऱ्या खोलगट ठशांवरून बोट फिरवलं आणि मराठीत म्हणाले, "हात चांगलाय तुमचा." म्हातारबुवांनी काय समजायचं ते समजून हातोडी त्यांच्या हातात दिली. लग्नकार्याला भाड्याने देतात ती मोठाली पातेली इथेच रचून ठेवलेली असतात. शेजारी कॅफे आहे. बाबांना तिथे बसवा आणि निदान अर्धा तास उठू नका. रसीफ इथून पाच मिनिटांवर आहे, म्हणजे ते थकले तर दिवस इथेच संपवता येतो. म्हणूनच मी हा चौक शेवटी ठेवतो.

चामड्याचे हौद

शूआरा टॅनरी जवळच आहे. जायचं की नाही ते आईंना विचारून ठरवा. बघायला मिळतं ते असं: दगडी हौदांची रांग, काही पांढरे, काही रंगीत, आणि मांडीपर्यंत त्यात उतरून कातडी तुडवणारी माणसं. पांढऱ्या हौदांत चुना आणि कबुतरांची विष्ठा असते, त्याने कातडं मऊ पडतं. वास विचारू नका. दारात पुदिन्याची काडी देतात, ती नाकाशी धरायची. ऑक्टोबरात उन्हाळ्यापेक्षा बरं असतं, पण शाकाहारी माणसाला ते दृश्य जड जातं. माझ्या गटातल्या निम्म्या बायका चौकातच चहा पीत थांबतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

हौद दिसतात ते आजूबाजूच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्चीवरून. गच्चीपर्यंत तीन-चार जिने. म्हणजे बाबांनी जाऊ नये, तुम्ही दोघं पंधरा मिनिटांत जाऊन या. 'प्रवेश फुकट' म्हणतात, पण उतरताना विक्री सुरू होते. काही घ्यायचं नसेल तर वर नेणाऱ्याला दहा-वीस दिरहॅम द्या आणि निघा. "हा पिवळा रंग केशराचा" असं सांगतील. केशराचा भाव माहीत असलेल्या माणसाने फक्त हसावं. घ्यायचंच असेल तर बल्घा, म्हणजे टाच नसलेली पिवळी चढाव, ही खरी इथली वस्तू. सांगितलेल्या किमतीच्या अर्ध्याच्या खालून सुरुवात करा.

आईंचं जेवण

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांची दिशाभूल इथेच होते. 'व्हेज' हा शब्द मोरोक्कोत कळतो, पण त्याचा अर्थ 'मांसाचा तुकडा दिसत नाही' असा घेतला जातो. भाज्यांचा ताजीन (मातीच्या झाकणाच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा) वेगळ्या भांड्यात शिजला असेल, नाहीतर मटणाच्या ताजीनमधून मटण बाजूला काढलेलं असेल. सात भाज्यांचं कुसकुस दिसायला निर्मळ, पण ते ज्या रश्श्याच्या वाफेवर शिजतं तो रस्सा बहुतेक वेळा मांसाचाच. हरीरा हे टोमॅटो, मसूर आणि हरभऱ्याचं सूप आपल्या आमटीसारखं लागतं, पण त्यात मटणाचे बारीक तुकडे किंवा हाडांचं पाणी असू शकतं. आणि माकूदा! तळलेली पिवळी बटाट्याची टिकिया, पावात घालून देतात. प्रत्येक मराठी माणूस "अरे, वडापाव!" म्हणून धावतो. त्यात बहुधा अंडं असतं. तुम्ही खा, आईंना नको.

मग खायचं काय? बरंच काही. सकाळी बिस्सारा: सुक्या बाकल्याचं दाट, पिठल्याच्या जवळ जाणारं सूप, वर ऑलिव्हचं तेल आणि जिऱ्याची पूड, सोबत गरम खुब्ज, म्हणजे तिथली गोल जाड भाकरी. जुन्या शहरात बिस्साऱ्याच्या लहानशा टपऱ्या असतात, दुपारपर्यंत मोठं भांडं रिकामं होतं. मसमन ही घडीच्या पोळीची चुलत बहीण, तव्यावर तेल लावून भाजलेली, मधाबरोबर खायची. साधीच मागा, कांदा भरलेलीत चरबी असू शकते. जेवणाआधी छोट्या वाट्यांतून कोशिंबिरी येतात: झालूक म्हणजे वांग्याचं टोमॅटो घातलेलं भरीत, भाजलेल्या ढोबळी मिरचीची तक्तूका, जिरं लावलेलं गाजर, बीट. या पाच-सहा वाट्या आणि भाकरी एवढ्यावर माझ्या गटातल्या बायका सुखाने जेवतात. त्याशिवाय लूबिया (पांढऱ्या घेवड्याची उसळ) आणि अदस (मसूर). दोन्ही मागताना शब्द एकच: "ब्ला ल्हम", मांसाशिवाय. आणि अंड्यासाठी "ब्ला बीद".

ऑक्टोबर म्हणजे डाळिंबाचा आणि नव्या खजुराचा हंगाम, ते भरपूर घ्या.

रात्रीचं जेवण मात्र रियादमध्येच ठरवा. सकाळी न्याहारीच्या वेळी स्वयंपाक करणाऱ्या बाईंना भेटा, आईंना पुढे करा आणि सांगा: वेगळ्या भांड्यात, मांसाच्या पाण्याशिवाय, अंड्याशिवाय. घरगुती स्वयंपाकघर असल्यामुळे ते खरंच तसं करतात. भाषा येत नसली तरी दोन बायका ओट्याशी उभ्या राहिल्या की जमतं. एकदा आमच्या एका मावशींनी फोडणीची मोहरी स्वतः घालून दाखवली होती. जेवण तिखट नसतं. जिरं, आलं, हळद, दालचिनी, पण मिरची जवळजवळ नाही. शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट सोबत ठेवाच. बाबांना चालत असेल तर पस्तीया चाखू द्या: पातळ पापुद्र्यात कोंबडी किंवा कबुतर, बदाम, वर पिठीसाखर आणि दालचिनी. कुणाला फार आवडतं, कुणी एका घासात हात जोडतं.

बिल मागताना "ल-ह्साब, अफाक" म्हणा. आपला हिशेब तिकडूनच आलाय.

शेफशावेन नको

फेझहून एका बाजूला साधारण दोनशे किलोमीटर, डोंगराचा रस्ता, चारेक तास. म्हणजे आठ तास गाडीत आणि दोन-तीन तास निळ्या पायऱ्यांवर. हो, पायऱ्या, कारण तेही डोंगराच्या उतारावर वसलेलं गाव आहे. तुमच्याकडे दोनच पूर्ण दिवस आहेत. मी नाही म्हणेन.

त्याऐवजी रविवारी पांढरी टॅक्सी किंवा चालकासह गाडी ठरवून वोलुबिलिसचे रोमन अवशेष बघत मेकनेसला या आणि कासाब्लांकाची गाडी फेझऐवजी मेकनेसहून पकडा. मेकनेस फेझपासून साठेक किलोमीटरवर, त्याच रेल्वेमार्गावर आहे. सामान गाडीतच राहतं, परतीचा प्रवास वाचतो. वोलुबिलिसला सावली नाही आणि जमीन खडबडीत आहे, म्हणून बाबांनी प्रवेशाजवळच्या भागापुरतंच चालावं. रेल्वेचं तिकीट पहिल्या वर्गाचं काढा, फरक फार नाही आणि जागा नक्की असते.

किरकोळ, पण विचारलं नसतं तरी सांगितलं असतं

जुन्या शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहं फारच कमी आहेत. मदरसा आणि कॅफे सोडायच्या आधी जाऊन या, इच्छा असो वा नसो. देखभाल करणाऱ्या बाईंसाठी एक-दोन दिरहॅमची नाणी खिशात ठेवा. दिरहॅम देशाबाहेर फारसे नेता येत नाहीत आणि भारतात कुणी घेतही नाही, म्हणून शेवटच्या दिवशी मोजकेच उरतील असं बघा. रात्री जुन्या शहरात फिरणं धोक्याचं आहे असं मी म्हणणार नाही, मुख्य वाटांवर नऊ-साडेनऊपर्यंत चांगली वर्दळ असते. पण दुकानं बंद झाली की खुणेची दारं, रंगीत दिवे, मसाल्यांचे ढीग सगळं नाहीसं होतं आणि सकाळी ओळखीची झालेली गल्ली रात्री परकी वाटते. जेवण रियादमध्ये ठेवायचं हे दुसरं कारण. बाहेर जेवायचंच असेल तर रियादवाल्यांना सांगा, ते टॅक्सीच्या चौकापर्यंत माणूस पाठवतात. त्याला दहा दिरहॅम द्या. आणि रियादचं नाव, दरवाज्याचं नाव आणि फोन नंबर अरबीत लिहिलेला कागद चौघांच्याही खिशात वेगवेगळा असू द्या, एकाच्याच पाकिटात नको.

अजून एक विचारायचं राहिलं: तुमच्या बाबांना जिना उतरताना जास्त त्रास होतो की चढताना? उतरताना होत असेल तर शनिवारची वाट उलटी करण्यापेक्षा अर्धी करा. सकाळी बू इनानिया बघून निळ्या दरवाज्याशी परत या, तेवढं अंतर दोन मिनिटांचं आहे. मग टॅक्सीने थेट रसीफला जा आणि तिथून सफ्फारीन, करावीयीन आणि अत्तारीन खालच्या बाजूने बघा. मधली गल्ली बुडेल, पण तांबटांचा चौक सुटणार नाही.